गुलाम सुटले, मंग त्यास्ले काय भेटनं?

जगाच्या इतिहासाबद्दल आपले लोक काय काय विचारतात ते एकदा नीट कान देऊन ऐका. पुस्तकात नसतं असलं काहीतरी विचारतात. ‘इसवी सनाच्या आधीच्या माणसाला कसं कळायचं, आपण इसवी सनाच्या आधीचे आहोत म्हणून?’ ‘बुद्ध भिक्षापात्र घेऊन फिरत होते तेव्हा इंग्रज काय करत होते?’ ‘पिरॅमिड बांधणाऱ्याला रोज काय पडे?’ ‘अमेरिकेत लढाई झाली तर आपल्या खानदेशात कापूस कशापायी महागला?’ देवपुरात आमच्या वर्गाला येणारे गिरणीतले, हमाल, रोजंदारीच्या बाया असंच विचारतात. शिकलेली पोरं हसतात. शाळेत मी असलं काही विचारलं की गुरुजी म्हणायचे, खाली बस, परीक्षेला येत नाही.

परीक्षेला येत नाही हे खरंच आहे. परीक्षेला येतं ते पानिपत कोणत्या साली झालं ते. पानिपतावर लाखभर माणसाला भाकऱ्या कोण भाजत होतं हे येत नाही. मला या लेखात एवढंच सांगायचं आहे की लोक हसण्यावारी नेतात तो प्रश्न बहुतेक वेळा इतिहासाच्या मुळावर बोट ठेवतो, आणि आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनी तो ‘नंतर सांगतो’ म्हणून टाळला तर आपण प्रस्थापितांचाच इतिहास निळ्या शाईत लिहितो.

सोपे आधी उरकतो. इसवी सनाच्या आधीच्या माणसाला अर्थातच काही कळत नव्हतं. ही मोजणी डायोनिसियस नावाच्या एका ख्रिस्ती साधूने सन ५२५ च्या सुमारास काढली आणि पुढे हळूहळू सगळीकडे पसरली. त्यात शून्य साल नाहीच, इ. स. पू. १ नंतर एकदम इ. स. १. आपला सम्राट अशोक शिलालेखात साल मोजतो ते स्वतःच्या अभिषेकापासून. ज्याच्या हातात सत्ता त्याच्यापासून वर्ष सुरू, ही रीत जुनी आहे. आणि बुद्धाच्या काळात इंग्रज काय करत होते? इंग्रज नव्हतेच. ज्यांच्यावरून इंग्लंड हे नाव पडलं ते अँगल आणि सॅक्सन टोळीवाले त्या बेटावर उतरले तेच मुळी इसवी सनाच्या पाचव्या शतकात, म्हणजे बुद्धानंतर हजारेक वर्षांनी. दीडशे वर्षं ज्यांच्यापुढे हात जोडून उभं राहावं लागलं ते एकेकाळी नव्हतेच, हे ऐकून आमच्याकडे एक म्हातारा जो खुश झाला तो आठवडाभर सगळ्यांना सांगत होता.

पिरॅमिडचा प्रश्न मात्र मोठा. गुलामांनी चाबकाखाली बांधले असं आपण सिनेमात पाहिलेलं. पण गिझाला पिरॅमिडच्या जवळच कामगारांची वस्ती सापडली आहे. भाकरीच्या भट्ट्या आहेत, गुराढोरांची हाडं आहेत, १९९० पासून कामगारांच्या कबरीही सापडल्या. मोडून पुन्हा जुळलेली हाडं त्यात आहेत, म्हणजे हातपाय मोडला तर बांधून देणारा कोणीतरी होता. नाणं तेव्हा नव्हतं. रोज म्हणजे भाकरी आणि बीअर. सक्ती नव्हती असं मी म्हणत नाही, राजाच्या कामाला ‘नको’ म्हणायची कोणाची छाती असणार? पण ती माणसं होती, गावं करून राहणारी, राजाच्या दगडाशेजारी स्वतःची कबर बांधणारी.

त्याच इजिप्तात पुढे चौदाशे वर्षांनी जे घडलं ते गिरणीवाल्यांनी तरी पाठ करावं. राजांच्या कबरी खोदणारे, रंगवणारे कारागीर देर अल मदिना नावाच्या वस्तीत राहत. इ. स. पू. ११५० च्या सुमारास, तिसऱ्या रामसेसच्या राज्यात, त्यांचं महिन्याचं धान्य थकलं. त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि देवळाच्या मागे जाऊन बसले. भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली, असं सांगितलं. धान्य मिळालं, पुन्हा थकलं, पुन्हा बसले. जगातला लिहून राहिलेला हा पहिला संप. आता यातला ‘लिहून राहिलेला’ हा शब्द बघा. त्याआधी कोणी हत्यार खाली ठेवलं नसेल असं थोडंच आहे! पण या वस्तीत कामगारांच्याच शेजारी लिहिणारा कारकून राहत होता, त्याने दिवसानिशी टिपून ठेवलं. तो पपायरस आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. ज्या आळीत लिहिणारा राहिला तिचा इतिहास उरला.

आपल्या धुळ्याचंच घ्या. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली इथेच वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरं गोळा करत हिंडले, वाळवीच्या तोंडचे कागद वाचवले, तेवढे उपकार मान्य. पण दप्तर ज्याच्या माडीवर होतं त्याचाच इतिहास दप्तरात निघणार. महारवाड्यात माडी नव्हती, दप्तर कुठलं? म्हणून आपल्याला कागदाबरोबर दुसरंही वाचायला शिकलं पाहिजे. भाव, रस्ता, धोटा, पावती. कापसाची गोष्ट मी तशी वाचली, ती आता सांगतो.

१८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत उत्तरेची आणि दक्षिणेची लढाई सुरू झाली. दक्षिणेत कापसाचे मळे, आणि त्या देशात चाळीस लाखांच्या आसपास काळे गुलाम. इंग्लंडातल्या गिरण्या जो कापूस खात त्यातला चारात तीन भाग त्या गुलामांच्या हातचा. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली. कापूस जहाजावर चढेना. लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या. मग इंग्रज मालकांना आठवण झाली हिंदुस्थानची. आमचा कापूस आखूड धाग्याचा, त्यात कचरा, तिकडे त्याला सरसकट ‘सुरती’ म्हणत आणि नाक मुरडत. कापूस धाड, पण सुरती धाडू नको, अशी प्रार्थना तिथले विणकर देवाला करत म्हणून सांगतात. मुंबईत गाठीत दगडमाती भरणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी १८६३ साली खास कायदाच करावा लागला. तरी नाक मुरडत का होईना घेतला, कारण दुसरा नव्हता. लिव्हरपूलच्या बाजारात भाव चौपटीवर गेला.

आणि खानदेश? त्याच वर्षांत रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असं करत पुढे सरकत होती. जळगाव हे मोठं नाव नव्हतं, या लढाईच्या तीन-चार वर्षांत ते कापसाची पेठ झालं. धुळ्याला तेव्हा आगगाडी नव्हती, चाळीसगावचा फाटा आला तो १९०० साली. त्यामुळे इकडचा माल आग्रा रोडने बैलगाडीवर. कसाऱ्याच्या घाटातून रूळ पुरे झाले १ जानेवारी १८६५ ला, तोवर घाट उतरायला गाड्याच. म्हणजे ज्या दिवसांत कापसाला सोन्याचा भाव होता त्या दिवसांत तो सोन्यासारखा कापूस बैलाच्या मानेवर घाट उतरत होता. आणि घाटातून रेल्वे धावू लागली तोच चार महिन्यांच्या आत तिकडे लढाई संपली. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेच्या सेनापतीने हत्यार ठेवलं.

त्या तीन-चार वर्षांच्या कितीतरी गोष्टी आहेत. कुणब्याने गाडीच्या चाकाला चांदीची धाव बसवली, असं गावोगाव सांगत. मुंबईत प्रेमचंद रायचंदासारखे लोक समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर विकत होते. कागदावर कागद चढत होता. लढाई संपल्याची बातमी आली आणि १ जुलै १८६५ ला सगळा पत्त्यांचा बंगला कोसळला. चाकाच्या चांदीची गोष्ट सगळे सांगतात. धान्याची कोणी सांगत नाही. ज्वारी-बाजरीच्या रानात कापूस घुसला, धान्य महागलं. ज्याला शेत नाही, ज्याचं पोट मागून आणलेल्या भाकरीवर, वाढलेल्या मुठीवर, त्याच्या वाट्याला त्या भरभराटीतून काय आलं असेल ते आपण आपल्या आजीला विचारावं. भाव वाढला की वाढणाऱ्या हाताची मूठ आवळते, हे कळायला तिला लिव्हरपूलचा बाजारभाव लागत नाही.

इथे मला लँकेशायरच्या माझ्या जातभाईंचं सांगायचं आहे. जात म्हणजे गिरणीची जात. कापूस नाही म्हणून तिथले लाखो कामगार उपाशी मरू लागले. त्यांचे मालक म्हणत, आपलं सरकार दक्षिणेच्या बाजूने उतरव, बंदर फोड, कापूस आण. पोटाचा हिशोब लावला तर कामगारांनी तेच म्हणायला पाहिजे होतं. पण ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली आणि तिथून लिंकनला पत्र गेलं की गुलामी मोडा, आम्ही तुमच्या बाजूने आहोत. १९ जानेवारी १८६३ ला लिंकनने त्यांना उत्तर लिहिलं. मँचेस्टरात लिंकनचा पुतळा आहे तो यासाठी. सगळेच कामगार असे होते असं नाही, काही गावांत दक्षिणेच्या बाजूचेही होते, स्टेलीब्रिज गावात १८६३ च्या मार्चात मदतीच्या पैशावरून दंगल उसळली. उपाशी माणूस देव नसतो. तरीपण पोट रिकामं असताना लांबच्या गुलामासाठी हात वर करणारे गिरणी कामगार जगात झाले आहेत, ही गोष्ट मला रिंग खात्यात तुटलेला धागा जोडताना आठवते.

आता याच्या शेजारी आपली मुंबई ठेवा. धोटा सगळ्यांना माहीत आहे. कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढायचं. लँकेशायरात याला धोट्याचा मुका म्हणत. एकाच धोट्याला पाच-दहा जणांची तोंडं लागायची, दात किडायचे, रोग पसरायचे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली यावर बंदी घातली, इंग्लंडात १९५२ साली नियम झाले. तिथला प्रश्न रोगाचा. मुंबईत तोच धोटा, तोच धागा, तेच तोंड, पण प्रश्न विटाळाचा. आमच्या माणसाच्या उष्ट्या धाग्याला सवर्णाचं तोंड लागेल म्हणून विणाई खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे आमच्या माणसाला मज्जाव. कामगार-कामगार एक म्हणणाऱ्या लाल बावट्याच्या संपातही हा मज्जाव तसाच. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल चव्हाट्यावर आणला. मँचेस्टरचा कामगार अटलांटिकपलीकडच्या काळ्या माणसासाठी हात वर करू शकला आणि परळचा कामगार शेजारच्या साच्यावर आपला माणूस उभा राहू देईना. जगाचा इतिहास वाचायचा तो यासाठी. आपलं दुखणं कोणत्या जातीचं आहे ते शेजारी दुसरं दुखणं ठेवल्याशिवाय कळत नाही.

मग एकाने विचारलं, आणि हा प्रश्न मला फार दिवस झोपू देईना: ‘तिकडे गुलाम सुटला म्हणून इकडे कुणबी बुडाला का?’

वरवर पाहिलं तर तसंच दिसतं. १८६५ ला लढाई संपली, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला, आमचा भाव पडला. चढत्या भावाच्या भरवशावर काढलेलं कर्ज अंगावर आलं. सारा वाढलेला तो तसाच. दहा वर्षांत, १८७५ च्या मे-जूनमध्ये, सुप्यापासून पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली आणि कर्जरोखे काढून जाळले. पण भाव पडला तो गुलाम सुटल्यामुळे नाही, बंदरं उघडल्यामुळे. आणि सुटलेल्या काळ्या माणसाचं काय झालं? त्याला जमीन मिळाली नाही. जुन्याच मालकाच्या रानात तो अर्धलीने कापूस पिकवू लागला. बी, खत, मीठ, कापड सगळं मळ्याच्या दुकानातून उधार, पीक आल्यावर हिशोब, हिशोबात बाकी नेहमी त्याच्याच नावावर. दुकानदाराचा बोजा उभ्या पिकावर. खानदेशातल्या कोणाही माणसाला हे समजावून सांगायची गरज पडत नाही. म्हणजे एक बुडाला आणि दुसरा वर आला असं झालं नाही. कापसाच्या एकाच दोरीची दोन टोकं दोघांच्या गळ्यात होती. फरक एवढा की कुणब्याच्या खाली आणखी एक माणूस होता.

दुसरं, लिंकनने गुलाम सोडवले हे जे आपण टाळ्या घेत म्हणतो, तेही जरा थांबून म्हणावं. १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा फक्त बंडखोर मुलखापुरता होता. जी गुलामीची राज्यं उत्तरेच्या बाजूला राहिली तिथल्या गुलामांना तो लागू नव्हता. सगळीकडची गुलामी कायद्याने गेली ती डिसेंबर १८६५ ला, घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने. आणि जाहीरनाम्याची वाट बघत गुलाम बसले नव्हते. लढाई सुरू झाल्या झाल्या ते मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांकडे पळत सुटले, हजारांनी, मग लाखांनी. एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास काळे शिपाई उत्तरेच्या फौजेत लढले. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉय या काळ्या विद्वानाने १९३५ साली मोठं पुस्तक लिहून या पळण्याला सार्वत्रिक संप म्हटलं. मळ्यावर काम बंद पाडून त्यांनी मालकाची कंबर मोडली. लिंकनचं मोठेपण यात कमी होत नाही. पण मुक्ती वरून टाकलेल्या भाकरीसारखी मिळाली हे खोटं.

आपल्याकडे ही अमेरिकेची बातमी सगळ्यात आधी ज्याने पोटात घेतली तो जोतीराव फुले. १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवलं म्हणून. काही विद्वान म्हणतात, फुल्यांना तिकडच्या पुढच्या अन्यायाची कल्पना नव्हती, भाबडे होते. साल बघा की. १८७३ साली दक्षिणेत काळा माणूस मत देत होता. १८७० साली हायरम रेव्हल्स हा काळा माणूस अमेरिकेच्या सिनेटात जाऊन बसला होता. फौज काढून घेऊन त्या लोकांना पुन्हा गोऱ्यांच्या तोंडी दिलं ते १८७७ साली. फुल्यांनी लिहिलं तेव्हा आशा खरी होती. आणि ‘गुलामगिरी’ लिहिली कशी? धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात. पुस्तकभर सवाल-जबाब. ब्रह्म्याच्या तोंडातून ब्राह्मण जन्मला तर बाकीच्या गोष्टी कशा झाल्या असतील, मासा-कासव-डुक्कर होऊन देव आला म्हणजे काय झालं, असले ‘खाली बस’वाले प्रश्न छापून काढले त्या माणसाने. आमच्या वर्गातले लोक विचारतात ते धोंडिबाचेच भाऊबंद.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कात कोलंबियात शिकले. काळ्यांचं हार्लेम तिथून हाकेच्या अंतरावर. तीस वर्षांनी, १९४६ च्या जुलैत, त्यांनी त्याच ड्यू बॉयला पत्र लिहिलं. अमेरिकेतले निग्रो संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज करत आहेत असं कळलं, त्याच्या प्रती मिळाव्यात, अस्पृश्यांनाही तो मार्ग धरायचा विचार आहे, आणि दोघांच्या स्थितीत इतकं साम्य आहे की निग्रोंचा अभ्यास करणं आपल्याला भागच आहे, अशा अर्थाचं. ड्यू बॉयने ३१ जुलैला उत्तर दिलं, अस्पृश्यांबद्दल आपुलकी दाखवून. ३१ जुलै ही तारीख आपल्या धुळ्यात सगळ्यांना पाठ आहे. १९३७ साली याच तारखेला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी इथे आले होते आणि लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यावर दर ३१ जुलैला आपण जातो. दोन तारखा जुळल्या यात काही चमत्कार नाही. पण लांडोर बंगल्याचा डोंगर चढताना एखाद्या पोराने ड्यू बॉयचं नाव घेतलं तर मला बरं वाटेल. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते १९६६ साली ओकलंडमध्ये निघालेल्या ब्लॅक पँथरवरून, एवढं सगळे सांगतात. त्याच्या आधी शंभर वर्षांपासून ही चिठ्ठीचपाटी चालू आहे हे थोडे सांगतात.

हे सगळं मी एकदा तासभर सांगितलं. लिंकन, फुले, बाबासाहेब, पँथर. झालं. मागून एक म्हातारी बाई म्हणाली, ‘हाई समदं खरं रे भो. पन त्या गुलाम सुटनात, मंग त्यास्ले काय भेटनं?’

एकजण म्हणाला, मावशी, स्वातंत्र्य भेटलं. ती म्हणाली, ‘आनि खावाले?’

या प्रश्नाचं उत्तर जगाच्या इतिहासात शोधायला गेलं की अंगावर काटा येतो. १८६५ च्या जानेवारीत शर्मन नावाच्या उत्तरेच्या सेनापतीने हुकूम काढला, समुद्रकाठची जमीन सुटलेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर वाटा. हजारो कुटुंबं त्या जमिनीवर बसली, नांगरट केली. एप्रिलात लिंकनचा खून झाला. मागून आलेल्या अध्यक्ष जॉन्सनने त्याच साली ती जमीन जुन्या मळेवाल्यांना परत दिली. काढलं लोकांना. मग भरपाई कोणालाच मिळाली नाही का? मिळाली की, मालकाला! वॉशिंग्टन शहरात १८६२ साली गुलाम सोडले तेव्हा एका गुलामामागे तीनशे डॉलरपर्यंत मालकाला मोजले. इंग्रजांनी १८३३ साली आपल्या वसाहतींतली गुलामी मोडायचा कायदा केला आणि दोन कोटी पौंड मळेवाल्यांना दिले. गुलामांना एक पेनी नाही. उलट त्यांनी आणखी काही वर्षं उमेदवारीच्या नावाखाली फुकट राबायचं. ते देण्यासाठी इंग्लंडच्या सरकारने काढलेलं कर्ज फिटता फिटता २०१५ साल उजाडलं. म्हणजे अगदी कालपर्यंत इंग्लंडात कर भरणारा काळा माणूसही आपल्या पणजोबाच्या मालकाची भरपाई फेडत होता. हैतीचं तर विचारू नका. तिथले गुलाम लढून सुटले, १८०४ ला स्वतंत्र झाले. १८२५ साली फ्रान्सने लढाऊ जहाजं आणून उभी केली आणि आमच्या मळेवाल्यांच्या नुकसानीचे पंधरा कोटी फ्रँक टाका म्हणून सांगितलं. स्वतःच्या अंगाची किंमत त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या फेडली.

ऐकून बाया गप्प झाल्या. मग तीच मावशी म्हणाली की आमच्या सासऱ्यानेही पैसे भरले होते, वतनाच्या रानाचे.

ती बोलली आणि मला जगाचा इतिहास आमच्या गल्लीत उतरलेला दिसला. महार वतन म्हणजे काय हे इथे वाचणाऱ्याला सांगायला नको. १८७४ च्या वतन कायद्याने पक्कं केलेलं, चोवीस तासांचं सरकारी आणि गावकी काम, बदल्यात जमिनीचा तुकडा आणि दारोदारची भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात ते मोडण्यासाठी बिल आणलं. आपल्यातलेच काही लोक विरुद्ध गेले, तुकडा जाईल या भीतीने. शेवटी कनिष्ठ वतनं गेली ती १९५८ च्या कायद्याने, जो १९५९ ला लागू झाला. तोवर बाबासाहेब नव्हते. त्या कायद्यात काय आहे? वतन गेलं, जमीन सरकारजमा. ती ज्याची होती त्याला परत पाहिजे तर शेतसाऱ्याच्या पटीत कब्जेहक्काची रक्कम मुदतीत भरायची. भरली तर जमीन नव्या शर्तीने नावावर. म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही. नाही भरली तर तुम्ही स्वतःच्या रानात बेकायदा बसलेले. शेकडो वर्षं फुकट राबलेल्या कामाचा हिशोब कोणी काढला नाही. रक्कम मात्र राबणाऱ्याने भरायची.

वतन आणि अमेरिकेची गुलामी एकच, असं मी म्हणत नाही. बाबासाहेबांनी स्वतः दोन्हींतला फरक खोलात जाऊन दाखवला आहे. गुलामाला मालक विकत घेतो म्हणून निदान जगवतो तरी, अस्पृश्याला जगवायची जबाबदारी कोणावरच नाही. पण सुटकेचा पैसा कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात गेला, एवढा एकच धागा धरून चाललं तर वॉशिंग्टन, लंडन, हैती आणि साक्री-शिरपूरच्या गावकुसाबाहेरचं रान एका रांगेत उभं राहतं. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. ‘आनि खावाले?’ या दोन शब्दांनी शिकवलं.

तेव्हा कार्यकर्त्यांना एक काम सांगतो. धुळे, जळगाव, नंदुरबारमध्ये ज्यांच्या घरी वतनाची जमीन होती त्यांनी घरातली पत्र्याची पेटी उघडावी. कब्जेहक्काची पावती, सातबारावर ‘नवीन शर्त’ लिहिलेला उतारा, तलाठ्याची नोटीस, जे असेल ते बाहेर काढावं. रक्कम किती, कोणत्या साली भरली, कोणी भरली, भरायला पैसे कुठून आणले, भांडी विकली, बैल विकला की मुंबईच्या गिरणीतून मनिऑर्डर आली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून त्याच कागदाच्या नकलेमागे लिहावं, गावाच्या आणि तालुक्याच्या नावासह. मूळ कागद कोणाला देऊ नये, आम्हालासुद्धा. नक्कल पाठवावी. आतापर्यंत आमच्याकडे त्या मावशीच्या सासऱ्याची एक पावती आली आहे. घड्यांवर फाटलेली आहे, पण आकडा वाचता येतो.